मर्लिन एंजिन

रोल्स-रॉइस या ब्रिटिश कंपनीने तयार केलेले, द्रवाने थंड होणारे, बारा सिलिंडरांचे विमान एंजिन. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) हरिकेन, स्पिटफायर, लँकेस्टर, मॉस्किटो आणि उत्तरकालीन मस्टँग ही विमाने मुख्यतः याच एंजिनावर चालत. ब्रिटन व अमेरिकेतील कारखाने मिळून सुमारे दीड लाख मर्लिन एंजिने बांधली गेली. एंजिनाचे नाव आर्थर राजाच्या कथांतील मर्लिन जादूगारावरून पडले, असा समज रूढ आहे. परंतु तो चुकीचा आहे. आपल्या विमान एंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावे देण्याचा या कंपनीचा प्रघात होता आणि मर्लिन हा ससाण्याच्या कुळातील एक लहानसा पक्षी आहे.

या एंजिनाचा इतिहास सामान्यतः विमानांच्या पराक्रमाच्या अंगाने सांगितला जातो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. कुशल जुळाऱ्यांच्या हातांनी जुळविले जाणारे एक नाजूक यंत्र, ज्यांनी पूर्वी कधी कानस धरली नव्हती अशा हजारो कामगारांकडून करवून घ्यावयाचे, तेही विमानाचा व वैमानिकाचा जीव त्यावर अवलंबून असताना, हा प्रश्न मर्लिनच्या निमित्ताने उभा राहिला व सुटलाही. त्यामुळे एंजिनाच्या रचनेइतकीच त्याच्या उत्पादनाची हकीकत येथे विस्ताराने दिली आहे.

उगम : श्नायडर चषकाच्या शर्यतींसाठी रोल्स-रॉइसने ‘आर’ या नावाचे एंजिन बनविले होते. ते बसविलेल्या सुपरमरीन एस. ६ बी या सागरी विमानाने १९३१ मध्ये तो चषक ब्रिटनकडे कायमचा आणला आणि त्याच वर्षी ताशी ६५० किमी.पेक्षा अधिक वेगाचा जागतिक उच्चांक केला. शर्यतीचे एंजिन मोजके तास टिकले तरी पुरते. लढाऊ विमानाचे एंजिन शेकडो तास टिकावे लागते. पण जास्त दाबाने हवा भरली असता धातूचे कोणते भाग प्रथम दगा देतात, याचे ज्ञान त्या शर्यतींमुळे कंपनीला आयते मिळाले.

नव्या एंजिनाचे काम कंपनीने सरकारी मागणीची वाट न पाहता स्वखर्चाने हाती घेतले. म्हणून आरंभी त्याला ‘खाजगी उपक्रम’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून ‘पीव्ही-१२’ असे नाव होते. कंपनीचे एक संस्थापक हेन्री रॉइस यांचे एप्रिल १९३३ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये पहिले एंजिन चाचणीपीठावर चालले. फेब्रुवारी १९३५ मध्ये ते हॉकर हार्ट विमानात बसवून उडविण्यात आले.

हे एंजिन जन्मतःच यशस्वी होते असे मात्र नाही. पाण्याची वाफ करून तीच पुन्हा निववावयाची अशी शीतनाची योजना प्रथम होती. तीत गळती व बिघाड फार झाल्याने एथिलीन ग्लायकॉल हा उच्च उत्कलनबिंदूचा द्रव वापरावा लागला. पुढे तोही बदलून दाबाखालील पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण आले. ज्वलन अधिक चांगले व्हावे म्हणून सिलिंडराच्या शिरोभागाला दिलेला उतरता आकार तर सपशेल फसला, कारण त्याला तडे जात. मर्लिन-१ या प्रकाराची एंजिने दोनशेही झाली नाहीत. मर्लिन-२ मध्ये जुन्या केस्ट्रेल एंजिनाच्या धर्तीचा सपाट शिरोभाग घेण्यात आला आणि एंजिन मार्गी लागले. हरिकेनचा आद्य नमुना ६ नोव्हेंबर १९३५ रोजी आणि स्पिटफायरचा ५ मार्च १९३६ रोजी उडाला. दोन्हींत मर्लिनच होते.

या काळात कारखान्याची सूत्रे अर्नेस्ट हाइव्ह्‌स यांच्याकडे आली. तयार एंजिनांतून एखादे घ्यावयाचे, ते पूर्ण शक्तीवर अखंड चालवीत मोडेपर्यंत थांबावयाचे नाही, मग मोडलेला भाग सुधारून पुन्हा तेच करावयाचे, अशी त्यांची रीत होती. ती खर्चिक खरी; पण कागदावरील गणिताने न कळणारे दोष अशा मोडतोडीतूनच कळतात. मर्लिनची शक्ती दहा वर्षांत दुप्पट झाली, यात या रीतीचा वाटा मोठा आहे.

रचना : मर्लिनमध्ये सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा परस्परांशी ६० अंशांचा कोन करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे मांडलेल्या असतात. सिलिंडराचा अंतर्व्यास १३७ मिमी., दट्ट्याची धाव १५२ मिमी. व एकूण घनफळ २७ लिटर असते. प्रत्येक सिलिंडराला चार झडपा व दोन ठिणगी-गुडद्या असून ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक बंद पडला तरी एंजिन चालू राहते. निष्कास झडपांची दांडी पोकळ ठेवून तीत सोडियम भरलेले असते. तापल्यावर ते वितळते, दांडीत वरखाली हिंदकळते आणि झडपेच्या लालबुंद माथ्याची उष्णता थंड भागाकडे वाहून नेते. समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे संयोगदांडे भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) एकाच खिळीवर बसतात. त्यांपैकी एकाचे टोक काट्यासारखे दुभंगलेले असते व दुसऱ्याचे त्या दुभंगात बसते. भुजादंड घडीव पोलादाचा, नायट्रोजनाच्या प्रक्रियेने पृष्ठभाग कठीण केलेला असून सात धारव्यांवर फिरतो.

एंजिनाचे कमाल फेरे मिनिटाला ३,००० असत. या वेगाने दट्ट्या सेकंदाला सरासरी १५ मी. धावतो, म्हणजे दर सेकंदाला शंभर वेळा थांबून उलट दिशेने निघतो. पंख्याच्या पात्यांना इतका वेग सोसत नाही, म्हणून मध्ये दंतचक्रे घालून तो निम्म्याहूनही कमी करावा लागतो.

अशा यंत्रात मापांचा प्रश्न किती अवघड होतो, हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. सिलिंडराचे अस्तर पोलादी, पण ते ज्यात बसते तो ठोकळा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा असतो. तापमान १०० से.ने वाढले की १३७ मिमी. व्यासाचे पोलाद सुमारे ०.१६ मिमी. प्रसरण पावते, तर ॲल्युमिनियम जवळजवळ त्याच्या दुप्पट. थंड असताना घट्ट बसलेले भाग तापल्यावर सैल होतात आणि त्या फटीतून शीतक द्रव सिलिंडरात झिरपतो. मर्लिनला हा विकार बरीच वर्षे होता. ठोकळा व शिरोभाग एकसंध न ओतता वेगवेगळे करून तो अखेर दूर करण्यात आला.

अतिभरक : उंचावर हवा विरळ असते. साडेपाच हजार मी. उंचीवर तिचा दाब जमिनीवरील दाबाच्या निम्मा भरतो आणि एंजिनाची शक्तीही त्याच मानाने घटते. यावर उपाय म्हणजे एंजिनानेच फिरविलेल्या पंख्याने हवा दाबून सिलिंडरात भरणे. या साधनास अतिभरक म्हणतात. मर्लिन-३ मध्ये अतिभरकाच्या पंख्याचा व्यास २६ सेंमी. होता व तो भुजादंडाच्या सुमारे साडेआठपट वेगाने, म्हणजे मिनिटाला २५,००० पेक्षा अधिक फेऱ्यांनी फिरे. त्याच्या परिघावरील बिंदूचा वेग सेकंदाला ३५० मी. भरतो, समुद्रसपाटीवरील ध्वनिवेगाहून तो अधिक आहे. एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू केसाइतकी जरी असंतुलित राहिली, तरी धारवे फुटावयास वेळ लागत नाही.

जानेवारी १९३८ मध्ये स्टॅन्ली हुकर हा तरुण गणिती कंपनीत आला. त्याला एंजिनांचा अनुभव नव्हता. द्रवगतिकी मात्र उत्तम येत होती. अतिभरकाची आकडेमोड तपासता त्याच्या असे लक्षात आले की, हवेच्या वाटेतील वळणे व पात्यांचे आकार यांत शक्तीचा बराच अपव्यय होत आहे. त्याने सुधारलेले अतिभरक पुढील प्रकारांत आले. दरम्यान १०० ऑक्टेनचे पेट्रोल उपलब्ध झाले. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलात दाब वाढविला की मिश्रण वेळेपूर्वी पेटून एंजिन ठोके देऊ लागते. नव्या इंधनाने ही मर्यादा पुढे ढकलली. मर्लिन-३ चा अतिभरण दाब दर चौ. इंचास ६.२५ पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला आणि १,०३० अश्वशक्तीचे एंजिन कमी उंचीवर थोडा वेळ १,३०० अश्वशक्ती देऊ लागले. १९४० च्या उन्हाळ्यातील ब्रिटनवरील हवाई लढाईत ही वाढीव शक्ती वैमानिकांच्या हाती होती.

जर्मनीचे फोके-वुल्फ १९० हे विमान १९४१ च्या शरदात इंग्लिश खाडीवर दिसू लागले, तेव्हा स्पिटफायर-५ मागे पडू लागले. त्यावर मिळालेले उत्तर खरे म्हणजे दुसऱ्याच कामासाठी शोधलेले होते. फार उंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बाँबफेकी विमानासाठी हुकरच्या गटाने एकापुढे एक असे दोन अतिभरक जोडून पाहिले होते. दोनदा दाबल्याने हवा अतिशय तापते, म्हणून सिलिंडरात शिरण्यापूर्वी तिला थंड करणारा ऊष्माविनिमयकही बसविला होता. हे एंजिन स्पिटफायरमध्ये बसेल काय, अशी विचारणा हाइव्ह्‌स यांनी केली. ते बसले; नाक थोडे लांब करावे लागले, इतकेच. जुलै १९४२ मध्ये स्पिटफायर-९ लढाईत उतरले. घनफळ तेच, सत्तावीस लिटर. बदलली होती ती हवा भरण्याची कला. युद्धाच्या शेवटी काही मर्लिन एंजिनांनी २,००० अश्वशक्तीचा टप्पा ओलांडला.

कार्ब्युरेटरचा दोष : जर्मन डायम्लर-बेंझ एंजिनांत पेट्रोल सिलिंडरांत थेट फवारले जाई, मर्लिनला तरंडयुक्त कार्ब्युरेटर होता. या निवडीमागे कारण होते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलाचे बाष्पीभवन होताना हवा थंड होते, घन होते आणि शक्ती वाढते. परंतु विमानाचे नाक एकदम खाली दाबले की वैमानिकाप्रमाणे कार्ब्युरेटरमधील पेट्रोलही वर उसळे. प्रथम इंधनाचा पुरवठा क्षणभर तुटे. मग तरंडाचा ताबा सुटून पेट्रोलाचा लोंढा आत येई व एंजिन गुदमरून बंद पडे. जर्मन वैमानिकांना हे ठाऊक झाले होते. पाठलाग चुकविण्यासाठी ते सरळ सूर मारीत आणि मागचे ब्रिटिश विमान नेमके त्याच क्षणी निर्बळ होई. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटे करून मग सूर मारावा लागे.

फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेतील बिआट्रिस शिलिंग (१९०९–९०) या अभियंता बाईंनी यावर जो उपाय काढला, तो पाहून हसू यावे इतका साधा होता. पूर्ण शक्तीला लागते तेवढेच पेट्रोल जाऊ देणारे, नेमक्या मापाचे छिद्र असलेले पितळी बूच त्यांनी इंधनाच्या नळीत बसविले. लोंढा येण्याची शक्यताच संपली. विमान सेवेतून न काढता हे बूच बसविता येई. १९४१ च्या आरंभी तंत्रज्ञांच्या एका पथकासह विमानतळांवर फिरून त्यांनी ते बसविण्याची व्यवस्था केली. या उपायाने दोष समूळ गेला नाही, कारण सुरुवातीची क्षणभराची तूट राहिलीच; तो नाहीसा होण्यास दाबाखाली इंधन सोडणारे कार्ब्युरेटर यावे लागले. तरी जीव वाचविण्यास तेवढे पुरे होते. छिद्राचे माप थोडे मोठे झाले असते तर लोंढा थांबला नसता, थोडे लहान झाले असते तर एंजिनाला पूर्ण शक्ती मिळाली नसती.

उत्पादन व मापांची अचूकता : कोणताही भाग रेखाचित्रातील मापाबरहुकूम तंतोतंत करता येत नाही, थोडा फरक पडतोच. किती फरक चालेल ते रेखाचित्रात नमूद केलेले असते. त्यास सूट म्हणतात. समजा, छिद्राचा व्यास ५०.०० ते ५०.१० मिमी. व त्यात बसणाऱ्या दांड्याचा ४९.९० ते ५०.०० मिमी. चालेल असे ठरविले. मोठ्यात मोठे छिद्र व लहानात लहान दांडा एकत्र आले तर ०.२० मिमी.ची फट राहील आणि दांडा खडखडेल; उलट टोकाच्या जोडीत फटच उरणार नाही व दांडा अडकेल. दोन्ही भाग नियमात बसणारे, तरी जोडी निकामी. अशा वेळी कुशल जुळारी काय करतो ? तो ढिगातून शोधून जुळते भाग निवडतो, जरूर तर कानस किंवा पॉलिशकागद फिरवितो आणि हाताला योग्य वाटेपर्यंत बसवितो. डर्बी येथील मूळ कारखान्यात काम असेच चाले आणि ते उत्तम होई. मात्र त्या एंजिनातून काढलेला भाग दुसऱ्या एंजिनात बसेलच, अशी खात्री नसे.

क्रू येथे १९३८ मध्ये व ग्लासगोजवळील हिलिंग्टन येथे त्यानंतर लवकरच नवे कारखाने उभे राहिले. तेवढ्याने भागेना, म्हणून सरकारने फोर्ड मोटार कंपनीच्या ब्रिटिश शाखेकडे मँचेस्टरमधील ट्रॅफर्ड पार्क येथे मर्लिन बनविण्याचे काम सोपविले. यासंबंधीची एक आठवण हुकर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात दिली आहे. तुमच्या रेखाचित्रांवरून आम्हाला एंजिन करता येणार नाही, असे फोर्डचे अभियंते त्यांना म्हणाले. मोटारी बनविणाऱ्यांना विमान एंजिनाची बारीक मापे झेपत नसावीत, असा हुकर यांचा ग्रह झाला. खुलासा ऐकला तेव्हा तो उलटाच निघाला : रेखाचित्रांतील सूट फार सैल आहे, एवढ्या सैल मापांवर जुळाऱ्यांवाचून एंजिन जोडता येणार नाही, असे त्या अभियंत्यांचे म्हणणे होते. फोर्डमध्ये जोडणीच्या ओळीवर कानशीला जागाच नव्हती. हाताला आलेला कोणताही दट्ट्या कोणत्याही सिलिंडरात बसलाच पाहिजे, या तत्त्वावर मोटारींचे उत्पादन उभे होते. फोर्डने सर्व रेखाचित्रे नव्याने काढली. त्यात बराच काळ गेला, आणि जून १९४१ मध्ये पहिले एंजिन बाहेर पडले.

या आठवणीचा आधार घेऊन रोल्स-रॉइसचे काम ओबडधोबड होते असे काही लेखक सुचवितात. हा निष्कर्ष न्याय्य नाही. जुळाऱ्याच्या हातातली अचूकता आणि गेजमधली अचूकता या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीत रेखाचित्र सैल ठेवता येते, कारण उरलेले काम माणसाची जाण करते. शिवाय आज सुचलेली सुधारणा उद्याच्या एंजिनात घालता येते. दुसरीत आधी वर्षभर गेज, पकडसाधने व खास यंत्रे यांची तयारी करावी लागते आणि मग एक छिद्र हलवावयाचे झाले तरी सगळी साखळी हलते. डर्बीने सतत बदल करीत राहावे व ट्रॅफर्ड पार्कने ठरलेले एंजिन हजारोंनी काढावे, ही वाटणी म्हणूनच शहाणपणाची होती. डर्बीच्या पद्धतीने तीस हजार एंजिने वेळेत झाली नसती, आणि केवळ फोर्डच्या पद्धतीवर भिस्त ठेवली असती तर दोन टप्प्यांचा अतिभरक वेळेत आला असता की नाही, याची शंकाच आहे.

नव्या पद्धतीत तपासनीस भागाचे माप वाचत नाही. त्याच्या हातात दोन टोकांचे गेज असते. एक टोक छिद्रात जावयास हवे, दुसरे जाता कामा नये; एवढे पाहिले की झाले. यासाठी वर्षानुवर्षांची उमेदवारी लागत नाही, काही आठवड्यांचे शिक्षण पुरते. मात्र खुद्द गेज इंचाच्या हजाराव्या भागाच्याही अंशापर्यंत अचूक असावे लागते, आणि ते करणारा कारागीर पूर्वीच्या जुळाऱ्याहून अधिकच निष्णात असतो. म्हणजे कौशल्य लुप्त झाले नाही; ते जोडणीच्या ओळीवरून हत्यारखान्यात गेले. ट्रॅफर्ड पार्क येथील सतरा हजारांवर कामगारांत सात हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. आरंभी एका एंजिनाला सुमारे दहा हजार मनुष्यतास लागत; तीन वर्षांत ते २,७०० च्या घरात आले. हिलिंग्टन येथेही स्त्रिया मोठ्या संख्येने यंत्रे चालवीत. काम पुरुषाचे आणि वेतन मात्र कमी, या अन्यायाविरुद्ध १९४३ च्या अखेरीस तेथे हजारो कामगारांनी संप केला. तोलामोलाच्या यंत्रासाठी तोलामोलाचे वेतन कोणत्या श्रेणीने द्यावयाचे, हा त्या तंट्याचा गाभा होता. युद्धाच्या ऐन भरात झालेल्या या संपाचा उल्लेख एंजिनाच्या इतिहासग्रंथांत क्वचितच सापडतो.

अमेरिकेत मर्लिन बनविण्यास हेन्री फोर्ड यांनी १९४० मध्ये नकार दिला. सप्टेंबर १९४० मध्ये डिट्रॉइटच्या पॅकार्ड मोटार कंपनीशी करार झाला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तेथील पहिले एंजिन चालले. येथे अडचणी आणखी होत्या. ब्रिटिश रेखाचित्रांत वस्तूची दृश्ये मांडण्याची पद्धत अमेरिकन पद्धतीच्या उलट होती, त्यामुळे सर्व चित्रे पुन्हा काढावी लागली. मर्लिनमधील स्क्रूंचे आटे ब्रिटिश मानकांचे होते. तसे आटे पाडणारी हत्यारे अमेरिकेत मिळत नसल्याने पॅकार्डने ती स्वतः बनविली. अमेरिकन आटे घेणे सोपे होते, परंतु तसे केले असते तर इंग्लंडमधील तळावर पॅकार्डच्या एंजिनाला डर्बीचा स्क्रू लागला नसता. पॅकार्डने काही सुधारणाही केल्या. धारव्यांत चांदी व शिसे यांवर इंडियम धातूचा पातळ थर देण्याची पद्धत त्यांतलीच. पॅकार्डने एकूण ५५,००० हून अधिक मर्लिन बांधली. या उपद्व्यापाचे फळ लँकेस्टर विमानात दिसते. लँकेस्टर-१ व लँकेस्टर-३ या प्रकारांत फरक म्हणावा तो एवढाच की, पहिल्यात ब्रिटिश मर्लिन आहेत व दुसऱ्यात पॅकार्डचे.

विमाने : ॲव्ह्रो कंपनीच्या मँचेस्टर बाँबफेकी विमानाला रोल्स-रॉइसचीच व्हल्चर ही दोन मोठी एंजिने होती, ती भरवशाची नव्हती. रॉय चॅडविक यांनी त्या विमानाचे पंख वाढवून चार मर्लिन बसविली आणि लँकेस्टर जन्मास आले. जर्मन शहरांवरील रात्रीच्या हल्ल्यांत याच विमानाचा वाटा सर्वांत मोठा होता आणि त्यांत असंख्य नागरिक मेले, हेही विसरून चालणार नाही. लाकडी सांगाड्याच्या मॉस्किटोला दोन मर्लिन असत. अमेरिकन मस्टँगला मूळचे ॲलिसन एंजिन होते. खालच्या उंचीवर ते चांगले चाले, पण वर थकत असे. रोल्स-रॉइसचे चाचणी-वैमानिक रॉनी हार्कर यांनी एप्रिल १९४२ मध्ये ते उडवून पाहिले आणि मर्लिन बसविण्याची सूचना केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असे विमान उडाले. पॅकार्डचे मर्लिन व जादा इंधनटाक्या घेऊन मस्टँग विमाने मार्च १९४४ पासून बाँबफेकी विमानांच्या सोबतीने थेट बर्लिनपर्यंत जाऊ लागली.

भारताशी संबंध : हैदराबादच्या निजामाच्या देणगीवरून नाव पडलेले ब्रिटिश वायुसेनेचे १५२ वे (हैदराबाद) स्क्वॉड्रन १९४० च्या लढाईत स्पिटफायर उडवीत होते व पुढे ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले. मराठवाड्याचे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात मोडत. १३२ व्या स्क्वॉड्रनला मुंबई शहराचे नाव होते, तेही स्पिटफायरचेच. भारतीय वायुसेनेच्या क्र. १ स्क्वॉड्रनने १९४४ च्या इंफाळच्या वेढ्यात अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेन विमाने चालविली, क्र. ८ स्क्वॉड्रनला त्याच वर्षी स्पिटफायर मिळाली. उष्ण प्रदेशातील धुळीने सिलिंडर झपाट्याने झिजत, म्हणून तेथील विमानांच्या हवेच्या वाटेवर गाळण्या बसवाव्या लागत. त्यांनी वेग थोडा घटे, पण एंजिनाचे आयुष्य वाढे.

मर्लिनची दुसरी शाखा भारतात अधिक काळ टिकली आणि ती जमिनीवरची होती. अतिभरक काढून, फिरण्याची दिशा बदलून व साध्या पेट्रोलावर चालेल असे करून मर्लिनपासून मेटिऑर हे रणगाड्याचे एंजिन तयार करण्यात आले. निकालात निघालेल्या व अपघातग्रस्त विमानांच्या मर्लिनांतील भागही त्यासाठी कामी येत. हवेत ज्या झिजेने धोका संभवतो, ती जमिनीवर सोसण्याजोगी ठरते. १९४३ मध्ये रोल्स-रॉइसने मेटिऑरचे काम रोव्हर कंपनीला देऊन तिच्याकडील झोत एंजिनाचे काम स्वतःकडे घेतले. त्या अदलाबदलीने दट्ट्याच्या विमान एंजिनांचे युग संपविण्याची तयारी त्यांच्या सर्वांत यशस्वी निर्मात्यानेच केली.

मेटिऑर एंजिन सेंच्युरियन रणगाड्यात सुमारे ६५० अश्वशक्ती देई व पन्नास टनांचे धूड ओढी. भारतीय सेनेकडे हे रणगाडे होते. पुणे येथे १८१७ मध्ये उभारल्या गेलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचे पुढे चिलखती दळ झाले. त्याचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमधूनच लढले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. त्याच शहरातील रणगाडा संग्रहालयातही सेंच्युरियन पाहावयास मिळतो. त्याच्या मागील बाजूच्या जाळीखाली मेटिऑरची जागा असते. त्याचे घनफळही सत्तावीस लिटर, आणि सिलिंडरांचा अंतर्व्यासही १३७ मिमी.च.